अर्ध्या शटरखालचे तपकिरी बूट

ज्यांनी 'अर्धं शटर' हा बँड स्टेडियममध्ये ऐकला त्यांच्याशी मी वाद घालत नाही. ऐकला, चांगलं केलं. तिकिटं काढली, टी-शर्ट घेतले, घसा बसेपर्यंत ओरडले, सगळं मान्य. पण त्यांनी चेहरे पाहिले आणि आम्ही बूट पाहिले. ज्यानं बूट पाहिले नाहीत त्यानं मला या बँडबद्दल शिकवायला येऊ नये, एवढंच माझं म्हणणं असतं. दादा म्हणतो, "तू वाद घालत नाहीस, तू सरळ हाकलून देतेस." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेला, त्यामुळे दुसऱ्याचं तापलेलं डोकं त्याला लांबूनच कळतं.

आम्ही राहायचो त्या गल्लीत मोटारी दुरुस्त करायचं एक गॅरेज होतं. रविवारी ते बंद असायचं, आणि मालक ड्रमवाल्याचा मामा असल्यामुळे दुपारी ही चौघं तिथं वाजवत बसायची. शटर पूर्ण ओढलं तर पेट्रोलच्या वासानं आत गुदमरायला व्हायचं. पूर्ण उघडलं तर गाणारी गायची नाही. ती इतकी लाजरी होती की बेकरीत पाव घ्यायला आली तर तोंडानं मागायची नाही, बोट दाखवायची. मग तोडगा म्हणून शटर अर्धं. आम्ही समोरच्या फुटपाथच्या कडेला बसायचो, मी, दादा आणि पोस्टमन. पोस्टमन तेव्हा पोस्टमन नव्हता, पण आता त्याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली तर तो ओ देत नाही. तिथून आम्हाला चौघं दिसायची ती गुडघ्यापर्यंत.

एकदा पोस्टमननं वाकून आत पाहिलं. गाणं तिथल्या तिथं थांबलं. आतून खरखरीत आवाज आला, "कोण वाकलं?" आणि शटर खाली आलं. पुढच्या रविवारीही ते उघडलं नाही. आम्ही पोस्टमनला जे काही बोललो ते त्याच्या बायकोला अजून माहीत नाही. तेव्हापासून कानाला खडा. कुणी नवीन फुटपाथवर येऊन बसलं की आम्ही आधी नियम सांगायचो, वाकायचं नाही. बघता बघता फुटपाथ भरायला लागला, माणसं पार कोपऱ्यापर्यंत बसायला लागली, पण वाकलं कुणी नाही.

म्हणून आम्हाला बूट पाठ. लाल कॅनव्हासचे ते गाणारीचे. काळे, लांब टोकांचे ते गिटारवाल्याचे, आणि तो पाय जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. ड्रमवाला बहुतेक अनवाणी. आणि तपकिरी चामड्याचे, एका बुटाची नाडी दुसऱ्यापेक्षा आखूड, ते बेसवाल्याचे. गॅरेजच्या मधोमध गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा होता आणि त्यावर लाकडी फळ्या टाकलेल्या होत्या. बेसवाला नेमका त्या फळ्यांवर उभा राहायचा आणि डाव्या टाचेनं ठोका द्यायचा. खाली पोकळी, त्यामुळे तो ठोका घुमायचा. एक, दोन, तीन वेळेवर, आणि चौथा जरा उशिरा, अंधारात एक पायरी जास्त आहे हे विसरलेल्या माणसासारखा. आम्ही त्याला लंगडा ठोका म्हणायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, गेला, आता हा पडणार. आणि तो पडायचा नाही. त्या चौथ्या ठोक्याची वाट बघताना मला जे व्हायचं ते नंतर माझ्या लग्नातसुद्धा झालं नाही.

त्या काळात रेडिओवर काय लागायचं ते आठवून पाहा. सगळं गुळगुळीत. इस्त्री केलेले आवाज, यंत्रातून काढलेले ढोल, एका गाण्याला चाळीस वाद्यं आणि एकालाही घाम नाही. गॅरेजमधल्या खडखडाटाचा जमाना आमच्या काकांच्या तरुणपणी येऊन गेला होता, आणि तो मेला असंच सगळे धरून चालले होते. या चौघांनी तो उठवून बसवला. एक स्पीकर फाटका होता, तो त्यांनी बदलला नाही. सूर तीनच यायचे, चौथा शिकायच्या फंदात ती पडली नाहीत. पहिली रेकॉर्ड त्यांनी गॅरेजमध्येच केली, एका दुपारी. त्यात गल्लीतून गेलेल्या एका स्कूटरचा हॉर्न तसाच राहिलाय. तो हॉर्न पोस्टमनचा, हे तो भेटेल त्याला सांगतो.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. आधी हॉल, मग मैदानं, मग स्टेडियम. पण मला विचाराल तर त्यांची खरी कमाई ती नाही. त्यांच्यानंतर गल्लोगल्ली शटरं अर्धी वर झाली. घरात एक मोडकी गिटार आहे, बहिणीचा आवाज घोगरा आहे, मग अडलंय कुठं, असं पोरं म्हणायला लागली. आधी सगळं जमवू आणि मग सुरू करू, हा आमच्या आईवडिलांचा मंत्र या चौघांनी मोडला. मी चष्म्याचं दुकान टाकलं तेव्हा माझ्याकडे डोळे तपासायचं एक जुनं यंत्र आणि दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक डुगडुगणारी. शटर अर्धं वर केलं आणि बसले. ती हिंमत मला कुठल्या पुस्तकानं दिलेली नाही. आणि तो लंगडा ठोका तर आता इतक्या बँडमध्ये ऐकू येतो की वाजवणाऱ्यांनाही तो कुठून आला ते ठाऊक नसतं. त्यांना वाटतं तो ढोल आहे. तो ढोल नाही, टाच आहे. हे आम्ही फुटपाथवाले सांगतो, आणि बाकीचे हसतात.

परवा रेडिओवर त्या पहिल्या रेकॉर्डवर एक कार्यक्रम झाला. त्यात मलाही बोलावलं होतं. मी अर्थातच बूट सांगितले, टाच सांगितली, आणि निवेदक हसला. पुढच्या रविवारी दुपारी आम्ही तिघं नेहमीप्रमाणे माझ्या दुकानात बसलो होतो, दादानं आणलेले गरम पाव होते, तेवढ्यात एक मुलगी आत आली. तिला चष्मा नको होता.

"रेडिओवर बोललात त्या तुम्हीच ना?" ती म्हणाली. "मला एकच विचारायचंय. माझे बाबा म्हणतात, पहिल्या वर्षी 'अर्धं शटर'मध्ये बेस ते वाजवायचे. हे खरं असू शकतं का?"

असले बाबा मी खूप पाहिलेत. हा बँड मोठा झाल्यावर अर्ध्या शहराला आठवलं की आपण त्यात होतो. "बाळ," मी म्हटलं, "बेसवाला पहिल्यापासून एकच. गॉगल." गॉगल हे त्याचं नाव पडलं ते रेकॉर्डच्या कव्हरवरच्या फोटोमुळे. काळा चष्मा आणि खाली तेच तपकिरी बूट, एक नाडी आखूड. तो फोटो आम्ही पाहिला तेव्हा तिघांनाही वाटलं होतं, चला, एकदाचा चेहरा कळला. "मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. पहिल्या रविवारपासून तेच बूट."

मुलीनं मान हलवली. उठून जाईल असं वाटलं, पण ती डुगडुगत्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची मी अजून ठेवली आहे.

तिनं जे सांगितलं ते असं. बाबा मोटार चालवायला शिकवतात. त्यांची स्वतःची छोटी शाळा आहे, आजोबांपासून चालत आलेली. बँडचं नाव ते फारसं काढत नाहीत. पण तिचं लग्न ठरलं, होणारे सासरे जेवायला आले, आणि निघालं की सासरे या बँडचे मोठे भक्त. बाबांना राहवलं नाही, बोलून गेले. सासरे हसले आणि त्यांनी फोनवर फोटो काढून दाखवले. हा बघा गॉगल, हाच पहिल्या दिवसापासून, त्यानं मुलाखतीत सांगितलंय. बाबा म्हणाले, फोटो नंतरचे आहेत. सासरे पुन्हा हसले.

"आणि मी म्हटलं, बाबा, पुरे झाल्या थापा." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "सगळ्यांसमोर. मला त्यांची लाज वाटली होती. त्यांनी नुसती वाटी पुढे केली आणि भाजी वाढा म्हणाले. पण त्यांना एक सवय होती. जेवताना, टीव्ही बघताना, सारखा पाय वाजवायचे. आईची त्यावरून रोज कटकट असायची. त्या दिवसापासून त्यांचा पाय गप्प आहे. आता आईच म्हणते, घर खायला उठतं."

"बँडमधल्या कुणाला विचारलंस?" दादानं विचारलं.

कुणाला विचारणार? गाणारी तीन वर्षांपूर्वी गेली. गिटारवाला कुठल्या कुठं जाऊन राहिलाय आणि फोन उचलत नाही. ड्रमवाल्याला ती सुरुवातीची वर्षंच आठवत नाहीत, हे तो स्वतः अभिमानानं सांगतो. उरला गॉगल.

"खोटं असेल तरी मी त्यांची माफी मागणार आहे," मुलगी म्हणाली. "पण मला कळायला हवं, कशाची मागायची ते. आणि ते बूट... बाबा म्हणतात, निघताना बूट त्यांनी तिथंच ठेवले होते."

दादाच्या हातातला पाव हातातच राहिला. मग तो हळू म्हणाला, "अगं, रेकॉर्ड झाल्यावर महिनाभर शटर बंद होतं. आठवतं? आणि उघडलं त्यानंतर ती टाच पुन्हा तशी कधी घुमली नाही."

"फळ्या बदलल्या होत्या त्यांनी," मी म्हटलं.

"असं आपण म्हणालो. मग हॉलमध्येही घुमली नाही, तेव्हा आपण म्हणालो, हॉलच्या फरशीखाली खड्डा नसतो."

पोस्टमननं कपाळाला हात लावला. माझ्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला, आणि तो काही सुखाचा उजेड नव्हता. सगळ्या जगाला आम्ही शिकवत होतो की चेहऱ्यावर जाऊ नका, बूट बघा. आणि माणूस बदलला तरी बूट तेच, म्हणून आम्हाला पत्ताच लागला नाही. इतकी वर्षं आम्ही वडाची साल पिंपळाला लावत होतो, तीही छाती पुढे काढून. चेहरे बघणारा कुठलाही मूर्ख ही चूक करता ना.

"पण हे सगळं जर-तर झालं," पोस्टमन म्हणाला. "ऐकल्याशिवाय कसं कळणार? त्यांना म्हणावं, वाजवून दाखवा."

"ते उठून जातील," मुलगी म्हणाली.

"गाडी शिकवतात ना?" दादा म्हणाला. "म्हणजे शेजारी बसतात, पाय ब्रेकवर." आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पोस्टमनला उपयोग नव्हता, तो दिवसभर टपालाची गाडी हाकतो आणि शहरातला प्रत्येक मोटारवाला त्याला ओळखतो. दादाला गाडी येत नाही, त्यामुळे तो खरोखरच शिकत बसला असता. उरले मी. मी गेली कित्येक वर्षं गाडी चालवते आणि चांगली चालवते, हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

बुधवारी सकाळी मी त्यांच्या गाडीत बसले. मुलगी मागे बसली, वाटेत उतरायचंय असं सांगून. तिचे बाबा बारीक अंगाचे, शांत गृहस्थ होते. विरळ केस, स्वच्छ शर्ट, पायात राखाडी कापडी बूट.

"घाबरायचं नाही ताई," ते म्हणाले. "माझ्याकडेही ब्रेक आहे. हे स्टिअरिंग."

"अस्सं," मी म्हटलं.

गाडी येत असताना न येण्याचं सोंग करणं फार कठीण. हात आपोआप बरोबर जागी जातात, ते मागे ओढावे लागतात. मी दोनदा गाडी बंद पाडली. ते चिडले नाहीत. तिसऱ्यांदा पाडली तेव्हा म्हणाले, "क्लच हळू सोडायचा. त्याला घाई आवडत नाही." आणि मी सारखी डाव्या बाजूला खाली बघत होते, त्यामुळे एका कचऱ्याच्या डब्याला आमचा आरसा लागला. "रस्ता समोर आहे," ते म्हणाले. "माझ्या पायांत काही नाही." मागच्या सीटवर मुलीनं खोकल्याचं नाटक केलं.

त्यांचं खरंच होतं. पायांत काही नव्हतं. दोन्ही पाय पेडलांपाशी ठेवलेले, शिस्तीत, मुके. अर्धा तास आम्ही फिरलो आणि ती टाच एकदाही हलली नाही. मला वाटायला लागलं, पोरीला आता काय सांगायचं? नाही म्हणायला माझ्याजवळ पुरावा नव्हता, हो म्हणायलाही नव्हता. आणि खरं सांगते, मला ते हो असायला हवं होतं. तिच्यासाठी, आणि माझ्यासाठीसुद्धा. ज्या टाचेनं मला दुकान टाकायची हिंमत दिली ती कुठल्या तरी गाडीत अशी मुकी बसलेली असावी, हे मला सहन होत नव्हतं.

मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. मला उजवीकडे वळायचं होतं, म्हणून मी इंडिकेटर लावला. जुनी गाडी, इंडिकेटरचा आवाज दणकट. टक, टक, टक, टक. ते काही सांगत होते, वळताना आरसा बघा वगैरे, आणि सांगता सांगता गप्प झाले. इंडिकेटर तसाच चालू. टक, टक, टक.

आणि चौथ्याच्या किंचित मागून खालून एक ठोका आला.

मी हलले नाही. पुन्हा तीन वेळेवर, आणि चौथा उशिरा. गाडीच्या पातळ पत्र्याखाली पोकळी होती. तो घुमला. मी इतकी वर्षं एकही दिवस न मोडलेला नियम तिथं मोडला. चष्मा नाकावरून खाली पाडला आणि तो शोधायच्या निमित्तानं वाकले. डाव्या पायाची टाच होती. चवडा जमिनीला टेकलेला, टाच उचलून सोडायची, आणि चौथ्या वेळी ती वर जरा जास्त थांबायची. पाय तो होता. कुठल्याही बुटात घातला असता तरी तोच होता.

मागून हॉर्न वाजायला लागले. "ताई, हिरवा झालाय," ते म्हणाले. मी वाकलेलीच होते.

"तपकिरी बूट कुठं ठेवलेत?" मी खालूनच विचारलं.

टाच थांबली. मी वर आले तेव्हा ते समोर काचेतून बघत होते. मागच्या गाड्या शिव्या देत बाजूनं निघून गेल्या आणि सिग्नल पुन्हा लाल झाला.

"वडील अंथरुणाला खिळले," ते म्हणाले. "शाळा मला बघावी लागणार होती. मी निघालो तेव्हा आमची गाणारी म्हणाली, जातोस तर जा, टाच ठेवून जा. तिला खरंच वाटायचं की आवाज बुटांत आहे. मी बूट काढून दिले आणि मोज्यांवर घरी आलो." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही समोर बसायचात?"

"पहिल्या रविवारपासून."

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांना काही ओळख लागत नव्हती, हे दिसत होतं. मग त्यांची नजर खाली गेली, माझ्या पायांकडे, आणि तिथंच थांबली. "आतून आम्हालाही पायच दिसायचे," ते म्हणाले. "एक पिठाचे बूट होते. आणि त्यांच्या शेजारी हिरवे सँडल, डाव्याचा पट्टा तुटलेला आणि सेफ्टी पिनेनं जोडलेला. ते सँडल चौथ्या ठोक्याला दचकायचे. एखादं गाणं बसत नसलं की मी त्यांच्याकडे बघायचो. ते दचकले म्हणजे बरोबर आलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. पिठाचे बूट दादाचे. हिरवे सँडल माझे. त्या पट्ट्याला पिन मी लावली होती, कारण नवे मागायची सोय नव्हती, आणि मला वाटायचं ती कुणाला दिसत नाही.

मी आरशात पाहिलं. मुलगी दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती. त्यांनीही आरशात पाहिलं आणि त्यांना सगळं एकदम समजलं असावं, ही बाई कोण, आणि गाडी शिकायला कुणी पाठवली. त्यांनी हात पुढे करून इंडिकेटर बंद केला. जणू तोच फितूर झाला होता.

"बाबा," मुलगी म्हणाली, "चालू ठेवा ना."

त्यांनी इंडिकेटर पुन्हा लावला. टक, टक, टक. सिग्नल हिरवा झाला. मी गिअर टाकला, क्लच सोडला, आरसा बघितला आणि चौकातून उजवीकडे अलगद वळण घेतलं, एकाही धक्क्याशिवाय. पाय त्यांचा वाजत होता.

"ताई," ते म्हणाले, "तुम्हाला गाडी येते."

"येते," मी म्हटलं. "तुम्ही थांबू नका."